तगरीवरच्या अळीबाबत

६ ऑक्टोबर

मा. वरिष्ठ कीटकतज्ज्ञ मॅडम,
कीड निदान प्रयोगशाळा यांना,

विषय: तगरीवर सापडलेली अळी ओळखून तसे सहीशिक्क्यानिशी लिहून मिळण्याबाबत.

नऊ वर्षांनी माझं अक्षर बघून हुरळून जाऊ नये. हे पत्र बहिणीला लिहिलेलं नाही, खुर्चीला लिहिलेलं आहे. त्या खुर्चीत दुसरं कुणी असतं तर मला फार बरं वाटलं असतं. पण चार ठिकाणी विचारलं आणि चारही ठिकाणी एकच पत्ता मिळाला. अळी ओळखून कागदावर लिहून देणारं सरकारी माणूस या भागात एकच, आणि ते आपण. माझं नशीब, दुसरं काय.

फोन केलेला नाही आणि करणारही नाही. फोनवर माझा आवाज चढेल. मला आवाज चढवायचा नाही, मला कागद हवा आहे.

हकीकत अशी. मी इमारतीच्या तळमजल्यावर, राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवते. अकरा मुलं आहेत. सर्वांत मोठीला आम्ही ‘कशाला’ म्हणतो, कारण चार वर्षांच्या त्या मुलीच्या तोंडात दुसरा शब्द नसतो. सर्वांत धाकटा ढब्बू, चौदा महिन्यांचा. गेल्या शुक्रवारी कशालाने कुंपणाच्या तगरीकडे बोट दाखवलं आणि ती अळी माझ्याकडे कशाला बघते, असं विचारलं. मी म्हटलं, अळ्या बघत नाहीत. जवळ गेले तर ती खरंच बघत होती.

रोपांमध्येच लहानाची मोठी झाले, अळ्या काही कमी पाहिल्या नाहीत, पण हा प्रकार पाहिला नव्हता. माझ्या मधल्या बोटाएवढी लांब आणि त्याहून जाड. रंग पोपटी. डोक्याच्या जरा मागे दोन मोठे निळे डोळे, काळ्या कडेचे, आत पांढुरके. दोन्ही बाजूंनी एक पांढरी रेघ आणि रेघेच्या आसपास मीठ सांडल्यासारखे ठिपके. शेपटीवर आखूड पिवळट शिंग. काडीने डिवचलं तर मान खाली घातली आणि ते डोळे फुगवून आमच्यावर रोखले. कशाला दोन पावलं मागे आली. मी तीन.

मुलांना दाखवावी म्हणून मी ती काचेच्या बरणीत ठेवली, तोंडाला मलमलीचा तुकडा बांधला, तगरीची पानं घातली. हा माझा गुन्हा.

कारण त्याच आठवड्यात चार मुलांच्या अंगावर पुरळ उठलं. मानेवर, पाठीवर, गालांवर लाल गांध्या आणि खाज. ढब्बूला सर्वांत जास्त. डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, किड्याचं असेल, नाहीतर घरात कुणी बाहेरून काही आणत असेल. एवढंच. पण आमच्या इमारतीचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे नोटीसबुवा म्हणतात, त्यांनी दुसऱ्याच दिवशी जिन्यात कागद चिकटवला: ‘तळमजल्यावरील पाळणाघरात विषारी सुरवंट पाळले जात असल्याचे निदर्शनास आले आहे.’ पाळले जात! जणू मी त्यांना सकाळी दूध पाजते. २५ तारखेला रविवारी सभा आहे. त्यात तगर मुळापासून तोडायची आणि पाळणाघर बंद करायचं, असे दोन ठराव आहेत. तीस बिऱ्हाडांतलं एकही माणूस बरणीत डोकावून बघायला आलेलं नाही, पण विषारी आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या पाळणाघरात नऊ वर्षांत कुणाला साधं गळू झालं नाही. चादरी-दुपटी रोज धुतली जातात आणि गच्चीवर कडक उन्हात वाळतात. दारावरच्या नियमांत ते पहिलंच वाक्य आहे आणि आया ते वाचूनच मुलं सोडतात. माझ्याही हातांना थोडी खाज आहे, पण ती नव्या साबणाची.

सोबत अळीचे तीन फोटो आहेत. हे पाळणाघर बंद पडलं तर मी आणि बाबा, दोघांनी काय करायचं हे नोटीसबुवांनी नोटिशीत लिहिलेलं नाही. बाबा माझ्याकडे असतात आणि ठीक आहेत. हे पत्र लिहिल्याचं त्यांना सांगितलेलं नाही.

कागद २५ तारखेच्या आत मिळावा.

कळावे,
पाळणाघर संचालिका


१३ ऑक्टोबर

मा. मॅडम,

आपलं उत्तर मिळालं. ‘प्रिय’ नाही, ‘ताई’ नाही, खाली ‘कशी आहेस’ नाही. एक छापील फॉर्म आणि त्यात अकरा प्रश्न. मी खुर्चीला पत्र लिहिलं म्हणाले होते खरं, पण खुर्चीनेच उत्तर द्यावं असं काही म्हटलं नव्हतं.

उत्तरं खालीलप्रमाणे.

अळी तगरीवरच सापडली आणि तगरच खाते. जास्वंदीचं पान घालून बघितलं, त्यावर चढलीसुद्धा नाही. पाय मोजले. भिंग लावून, गुडघ्यावर बसून मोजले, आणि माझा गुडघा काय अवस्थेत आहे ते मलाच ठाऊक. पुढे तीन जोड्या टोकदार, मध्ये चार जोड्या गुबगुबीत, अगदी शेवटी एक. अंगावर केस आहेत का? नाहीत. एकही नाही. उजेडात धरून बघितली, रबरासारखी गुळगुळीत आहे. लेंडीच्या आकाराबद्दलही आपण विचारलंत, तेव्हा कळवते: मिरीएवढी, आणि बरणीच्या तळाशी मूठभर. या वयात मला हे मोजायला लावणारी माझी सख्खी बहीण आहे हे मी इमारतीत कुणाला सांगितलेलं नाही.

नववा प्रश्न, पुरळ शरीराच्या नेमक्या कोणत्या भागावर आहे. मागच्या पत्रात सांगितलंय. मान, पाठ, गाल. पोटावर नाही, पायांवर नाही.

दहावा प्रश्न: मुलांच्या चादरी कुठे वाळतात? अकरावा: वाळत घालण्याच्या जागेजवळ कोणती झाडं आहेत?

हे काय आहे? मी अळीबद्दल विचारलं आणि तुम्ही माझ्या चादरींच्या मागे लागलात? मी लिहिलं होतं ना, गच्चीवर. गच्चीवर कुठलं झाड असतं? माझ्या कामाची झडती घ्यायला मी तुम्हाला बोलावलेलं नाही. पण सवय जात नाही, नाही का? कुणाच्या दारात गेलात की आधी त्याचं काय चुकलंय ते शोधायचं.

आता आपण-बिपण पुरे. तुझ्याशी आदराने बोलायचं म्हणजे माझी जीभ अडखळते.

तू विसरली असशील म्हणून लिहिते. बाबांची रोपवाटिका. तीस वर्षं त्यांनी ती हातांनी उभी केली. पहाटे उठून पिशव्या भरल्या, कलमं बांधली, पाणी घातलं. तू तिथेच पोटावर पडून मुंग्या बघायचीस आणि तुझं नाव मुंगी पडलं. तुझं शिक्षण त्याच रोपांवर झालं. आणि शिकून तू काय केलंस? तपासणी खात्याची अधिकारी म्हणून बापाच्याच दारात आलीस, दोन रोपं उपटलीस, मुळांत कुठलीशी अळी सापडली म्हणून अहवाल लिहिलास आणि खाली सही केलीस. चार हजार रोपं जाळली. मी तिथे उभी होते. बाबा एक शब्द बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. तू दुसऱ्या कुणाकडे तो कागद सरकवू शकली असतीस. आठ दिवस थांबू शकली असतीस. मुकाट्याने औषध मारून बघू शकली असतीस. पण नाही, तुझं प्रामाणिकपण बापापेक्षा मोठं. त्या दिवशी मी तुला माझ्या दारात पाऊल टाकू नकोस म्हणाले, त्यातला एकही शब्द मी मागे घेतलेला नाही.

मी बाबांना घेऊन इथे आले. पाळणाघर काढलं. ही तगर त्यांनी इथे आल्या आल्या लावली, रोपवाटिकेबाहेर कुणाला दिलेल्या झाडाची फांदी मागून आणून. आज नोटीसबुवा ती तोडायला निघालेत आणि तू मला चादरींबद्दल विचारतेस.

आणखी एक. पाय वगैरे मोजून झाले आणि त्याच दिवशी, शुक्रवारी, अळी रंग बदलायला लागली. पोपटी रंग गेला, पाठ काळपट, बाकीची मातकट तपकिरी. खाणं बंद. बरणीत सैरावैरा धावत सुटली. मला वाटलं मेली आता ही, आणि मेली तर नोटीसबुवा म्हणणार मीच पुरावा मारला. बाबांनी जवळून बघितलं आणि म्हणाले, तिला सुकलेला पाला दे, तिला आत जायचंय. दिला. आत गेली आणि पानं धाग्यांनी जोडून गप्प झाली. तुझ्या फॉर्ममध्ये याबद्दल एकही प्रश्न नाही, म्हणून आपणहून कळवते.

मुलांचं पुरळ कमी नाही. ढब्बूची आई नर्स आहे. ती मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त परवा त्याला न्यायला आली तेव्हा त्याने हात पसरले आणि तिने घेतलं नाही. म्हणाली, घरी जाऊन आंघोळ केल्यावर घेईन. मामाच्या कडेवर देऊन वर घरी नेलं. का ते मी विचारलं नाही. मला माझं काय कमी आहे?

कागद पाठव.

ताई


२१ ऑक्टोबर

मुंगे,

पाकीट काल दुपारी आलं. पहिलं पान वाचलं आणि नाही म्हटलं तरी ऊर भरून आला. ‘सदर अळी केसविरहित असून तिच्या अंगात दंश करणारा कोणताही अवयव नाही. स्पर्शाने पुरळ उठत नाही. डोळ्यांसारखे दिसणारे ठिपके हे केवळ शत्रूला घाबरवण्यासाठी आहेत. कण्हेर व तगर या झाडांवर आढळणाऱ्या पतंगाची ही अळी असून ती दुर्मीळ नाही.’ खाली लॅटिन नाव, सही, शिक्का. दुर्मीळ नाही हे वाक्य तू गाळलं असतंस तर काही बिघडलं नसतं, पण ते जाऊ दे. घाबरवण्यासाठी, हे मी जिन्यात मोठ्याने वाचणार होते. नोटीसबुवांना दोन ठिपक्यांनी घाबरवलं.

मग दुसरं पान उलटलं.

तू कोण गं मला हे विचारणारी? ‘ताई, मान, पाठ आणि गाल म्हणजे झोपल्यावर चादरीला टेकणारा भाग.’ मी अकरा मुलांचे बावीस गाल रोज बघते आणि हे तू तिथे बसून मला शिकवतेस. ‘केसाळ सुरवंटांचे सुटे केस वाऱ्याने उडून वाळत घातलेल्या कपड्यांत अडकतात. धुऊनही सगळे निघत नाहीत. चादरी झटकणाऱ्याच्या हातांनाही खाज येते.’ आणि त्यापुढे: ‘गच्ची चौथ्या मजल्यावर आहे आणि तुझा गुडघा चढू देत नाही. दोरी खाली कुठे बांधली आहेस? तिथल्या झाडाचं खोड बघ. हात लावू नकोस.’

माझा गुडघा चढू देत नाही हे तुला कुणी सांगितलं? गुडघा दुखतो असं मी ओझरतं लिहिलं, जिन्याचा उल्लेख केला नाही. आणि गच्ची चौथ्या मजल्यावर आहे हे तर मी कुठेच लिहिलं नव्हतं. मनातल्या मनात मी तुला एवढं बोलून घेतलं की भात करपला.

पण गेले. हो, गेले बघायला. ऑगस्टपासून दोरी मागच्या अंगणात आहे, बदामाच्या जुन्या झाडापासून भिंतीच्या खिळ्यापर्यंत. ओल्या चादरींची बादली घेऊन चार जिने चढायचे म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकतात. मी कुणाला सांगितलं नाही. दारावरचं वाक्य तसंच राहिलं, कारण ते काढलं तर चार आया विचारणार का काढलं, आणि ‘बाईंना आता झेपत नाही’ हे एकदा बोललं गेलं की पाळणाघर संपलं. तुलाही मी तेच सांगितलं, गच्चीवर. खोटं सांगितलं. घे, झालं समाधान?

खोडाच्या पलीकडच्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, ते होते. ताटलीएवढा पुंजका. करडे, लांब केसांचे, एकमेकांवर चढून बसलेले, शंभर तरी असतील. लांबून बघितलं तर सालच वाटते. आमच्या सगळ्यांच्या नजरा पुढच्या अंगणात त्या गुळगुळीत, देखण्या, निष्पाप प्राण्यावर खिळलेल्या, आणि हे मागे आरामात बसलेले. दोरीची गाठ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. ती मी रोज बांधत आणि सोडत होते.

 ढब्बूच्या गालाची आठवण झाली. त्याला झोपताना चादरीत तोंड घुसळायची सवय आहे.

आता ऐक, मी काय ठरवलंय. दोरी काढली. सगळ्या चादरी, दुपटी, उशीचे अभ्रे उकळत्या पाण्यात घातले, जुने होते ते फेकले. नवीन आणल्या त्या आतल्या खोलीत पंख्याखाली वाळवते. बागेच्या माणसाला सांगून ते झाड आजच साफ करून घेतलं, माझ्या घरच्या त्रासासाठी म्हणून. पुरळ चार दिवसांत जाईल. म्हणजे जे करायचं ते सगळं केलं. मग आता ढोल कशाला बडवायचा? सभेत मी पहिलं पान दाखवीन. ते शंभर टक्के खरं आहे, तुझीच सही आहे. दुसरं पान मला लिहिलेलं खासगी पत्र आहे आणि खासगी पत्रं सभेत वाचत नाहीत.

यात काही चुकतंय असं तुला वाटत असेल तर ते तुझ्याजवळ ठेव. एकदा तुझ्या खरेपणाची किंमत आमच्या घराने मोजलेली आहे. दुसऱ्यांदा मोजणार नाही.

ताई


२६ ऑक्टोबर

मुंगे,

हे पत्र सलग लिहिता येईल असं वाटत नाही, पण प्रयत्न करते.

काल अकरा वाजता गाड्या लावतात त्या जागेत खुर्च्या मांडून सभा झाली. नोटीसबुवांनी नोटीस पुन्हा एकदा वाचून दाखवली, जणू कुणाची वाचायची राहिली होती. मग मी उभी राहिले आणि तुझं पहिलं पान वाचलं. सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. शिक्का सगळ्यांना फिरवून दाखवला. ‘केवळ शत्रूला घाबरवण्यासाठी’ म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं. नोटीसबुवा कागद उलटसुलट करून बघायला लागले तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. दोन्ही ठराव मागे घेतले. तगर राहिली, पाळणाघर राहिलं. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाबा माझ्या शेजारी बसले होते, त्यांनी वाजवल्या नाहीत.

लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले. तेवढ्यात ढब्बूची आई माझ्यापाशी आली. रात्रपाळी करून तशीच आली होती. तिने माझे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली.

"ताई, मनात तुमच्यावर संशय होता हो माझा. बोलले नाही, पण होता. आता कळलं, माझंच आहे. हॉस्पिटलमधून मीच काहीतरी अंगावर आणते."

मी म्हटलं, तसं नसेल. ती म्हणाली, दुसरं काय असणार, डॉक्टर म्हणालेच होते. तीन आठवडे झाले, ती त्याला अंगाशी घेत नाही. दूध तोडलं. रात्री तो रडतो तर त्याची आजी उठते आणि ही दाराबाहेर उभी राहते. आता तर खात्रीच झाली म्हणून उद्या राजीनामा देते, असं ती मला सांगत होती. सांगताना माझे हात सोडत नव्हती, त्याच हातांनी मी त्या चादरी झटकल्या होत्या. मला तिच्याकडे बघवेना.

मुंगे, मला तुझा इतका संताप आला म्हणून सांगू. तू ते दुसरं पान लिहिलंच नसतंस तर मला काही कळलं नसतं आणि मी सुखाने तिची समजूत घातली असती. पर्समध्ये ते होतं, घडी घालून.

मी खुर्चीवर हात आपटून सगळ्यांना खाली बसवलं.

"थांबा. आणखी एक पान आहे. ते मी मुद्दाम वाचलं नव्हतं."

वाचलं. माझा गुडघा, गच्ची, दोरी, सगळं. ‘हात लावू नकोस’पर्यंत. वाचून झाल्यावर दोरी ऑगस्टपासून कुठे होती आणि दारावरचं वाक्य किती महिने खोटं होतं तेही सांगितलं. ढब्बूच्या आईला म्हटलं, तुझ्या अंगावर काही नाही बाई, तू राजीनामा-बिजीनामा देऊ नकोस, जा आणि त्याला घे. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, मुस्काटात मारते की काय. मारली असती तरी चाललं असतं. पण ती वळली आणि जिना चढून धावत वर गेली. चप्पल खालीच राहिली तिची.

पुढचं तू समजूच शकतेस. जे टाळ्या वाजवत होते तेच ओरडायला लागले. नोटीसबुवांनी जागच्या जागी कागद मागवला. पाळणाघर एक महिना बंद, त्यानंतर मुलांच्या आईवडिलांनी लेखी संमती दिली तर बघू. त्या माणसाचा हात लिहिताना कसा झरझर चालतो! पाच जणांनी मुलं काढली, त्यांत कशालाचे आईवडीलही. आज सकाळी बरणीतला पतंग बाहेर आला. हिरवा आणि गुलाबी, पंखांवर संगमरवराच्या फरशीसारखी नक्षी. तो का आला, कुठे गेला, विचारायला कुणी नव्हतं.

आता जे लिहायचंय ते. सभेनंतर घरी आले आणि बाबांसमोर बसून तुला शिव्या घातल्या. तुझ्या एका कागदाने दुसऱ्यांदा माझं घर बुडवलं, असं काहीतरी म्हणत होते. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मुंगीने मला आधी विचारलं होतं."

मला कळेना, काय विचारलं होतं. तर रोपवाटिकेचं. अळी सापडली त्याच संध्याकाळी तू त्यांच्याकडे गेली होतीस, एकटी. हा कागद मी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देते असं म्हणालीस. रडत होतीस, म्हणाले. आणि बाबांनी सांगितलं, दुसरा आला तरी अळी तीच असणार. ही रोपं दोनशे बागांत जायची आहेत, तूच लिही आणि उद्याच लिही.

मी विचारलं, मग नऊ वर्षं मला का सांगितलं नाहीत?

"तू तिच्यावर रागावलीस तर तिला नोकरी होती, घर होतं. माझ्यावर रागावली असतीस तर मी राहायचं कुठे?"

आणि तुलाही त्यांनीच गप्प राहायला सांगितलं. आणि तू राहिलीस! दर रविवारी, म्हणे, मी बाजारात गेले की तुम्ही दोघं फोनवर बोलता, माझ्या गुडघ्याची चर्चा करता, आणि मी नऊ वर्षं तुझ्या नावाने बोटं मोडत बसले. माझ्या पत्रात मी तुला काय काय लिहिलं, ते वाचून तू नुसता दाखला आणि चादरींचा सल्ला पाठवतेस? एका ओळीने सांगता आलं नाही? मी काय इतकी दुष्ट आहे, की म्हाताऱ्या बापाला रागाच्या भरात घराबाहेर काढीन? तुम्ही दोघांनी मिळून माझ्याबद्दल हे ठरवलंत आणि मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतोय.

मी बाबांवर ओरडले. चांगली तासभर ओरडले, वरच्या मजल्यावरची बाई खिडकीतून डोकावेपर्यंत. नऊ वर्षांचं सगळं काढलं.  माझा आवाज बसला तेव्हा मी थांबले, आत गेले आणि त्यांचं पान वाढलं. ते जेवायला बसले आणि मी समोर बसले.

तुझ्यावरही तेवढाच वेळ ओरडायचं आहे. ते पत्रात होत नाही. तेव्हा रजा काढ आणि ये. आधी ओरडा, मग जेवण.

ताई